ज्यांना छकुलीचा फोटो मिळाला नाही, त्या दात्यांना

आदरणीय दादा किंवा ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही कोण, कुठले, काहीच ठाऊक नाही, म्हणून दोन्ही लिहिलं. राग मानू नका. स्माईल ट्रेन म्हणजे फाटक्या ओठाच्या मुलांची ऑपरेशनं फुकट करवून देणारी संस्था. तुम्ही तिला दिलेल्या पैशातून आमच्या गावच्या एका मुलीच्या फाटक्या ओठाचं आणि टाळूचं ऑपरेशन झालं. मी त्या गावची आशा सेविका. बीड जिल्ह्यातला डोंगरपट्टा, ऊसतोडीला जाणारी निम्मी वस्ती.

तुम्हाला तिचा फोटो आला नसणार. ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा, असे दोन फोटो शेजारी शेजारी लावून दाखवतात, ते मीही पाहिलेत. तिच्या आईने फोटो छापायला नकार दिला. कागद वाचून दाखवला तेव्हा म्हणाली, "उद्या लगीन जमायच्या टायमाला कुणी मोबाइलात काढून दाखवला म्हंजी?" दवाखान्याने तिचं म्हणणं ऐकून घेतलं, उपचारात कुठे हात आखडला नाही. मलाही तिचं पटलं. पण मग तुमच्या पैशाचं काय झालं हे तुम्हाला सांगणार कोण? म्हणून हे पत्र. मुलीला इथे छकुली म्हणते, ते तिचं खरं नाव नाही.

छकुली आषाढात जन्मली. एका बाजूचा ओठ थेट नाकपुडीपर्यंत उघडा, आत टाळूही दुभंगलेली. आजीने पाहिलं आणि सुनेकडे बोट केलं, "गिरानात इळ्यानं चिरलं आसंल हिनं काहीतरी." आमच्याकडे असं बाळ झालं की पहिला आरोप हाच. जगात साधारण 700 जन्मांमागे एका बाळाला हे होतं आणि नेमकं कारण बहुतेक वेळा सांगता येत नाही. ओठ आणि टाळू पोटातल्या पहिल्या 12 आठवड्यांत जुळून येतात. त्या काळात ही बाई फडात डोक्यावर मोळ्या वाहत होती. ग्रहण कधी लागलं नि कधी सुटलं, तिला काय पत्ता! हे मी आजीला सांगितलं. ती गप्प बसली, पटलं असं काही नाही.

पुढचे तीन-चार महिने आम्ही सगळे वजनाच्या मागे होतो. अशा बाळाला ओढून पिता येत नाही, प्यायलेलं नाकावाटे बाहेर येतं. पहिल्या ऑपरेशनसाठी मात्र डॉक्टरांना वजन साधारण 4.5 किलो आणि हिमोग्लोबिन 10 हवं. मग आजीनेच माळ्यावरच्या डब्यातून जुनं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं, काढलं, चिंचेने घासून लख्ख केलं. आई दूध काढायची, आजी छकुलीला मांडीवर उभी धरून बोंडल्याची चोच गालाच्या आतल्या बाजूला टेकवायची, एक घोट, थांबायचं, पाठ थोपटायची, मग दुसरा. एका पाजण्याला तास जायचा. ग्रहणाचं काही का मानेना, वजन वाढवलं ते त्या म्हातारीने.

सरकारी योजना नाही का, असं कुणी विचारील. आहे. महात्मा फुले योजनेत बरंच काही होतं आणि मी लोकांना तिकडे पाठवतेही. पण हे जोडपं नुकतंच वेगळं निघालेलं, रेशनकार्ड विभक्त व्हायचं होतं आणि दसरा तोंडावर आलेला. दसरा झाला की मुकादमाची गाडी दारात लागते. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती खर्चूनही झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको मागे राहिली तर अर्धा कोयता, म्हणजे उचल फिटायची निम्म्या वेगाने. छकुलीची आई मागे राहिली. नवरा चुलतभावाला जोडीला घेऊन गेला. त्या हंगामाचा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. ऑपरेशन फुकट झालं म्हणजे त्या घराचं काहीच गेलं नाही, असं नसतं. पण वरून दवाखान्याचं बिल आलं असतं तर त्यांनी ऑपरेशन केलंच नसतं, हेही तितकंच खरं. स्माईल ट्रेन एका ऑपरेशनचा खर्च सुमारे 250 डॉलर सांगत आली आहे. तुम्हाला तो आकडा कसा वाटतो कोण जाणे, आमच्याकडे तेवढ्यासाठी दागिना मोडतात, आणि दागिना नसला तर पुढची उचल घेतात. 2015 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगातल्या 500 कोटी लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही असं मांडलं. इथे बसून ते वाचताना मला जराही नवल वाटलं नाही.

दिवाळीनंतर ओठ शिवला. तासाभराचं काम. आई बाहेर बाकड्यावर पदराचं टोक चावत बसलेली. बाहेर आणलं तेव्हा छकुलीच्या दोन्ही हातांना पुठ्ठ्याच्या नळ्या बांधल्या होत्या, टाक्यांना हात लागू नये म्हणून. आईला वाटलं हात मोडला! तिची समजूत घालण्यात ओठाकडे पाहायचं राहूनच गेलं. जाण्यायेण्याचं भाडं आणि आईचं जेवण दवाखान्याने सांभाळलं. गरिबाचं ऑपरेशन बऱ्याचदा एसटीच्या तिकिटापाशीच अडतं, म्हणून त्याचे वेगळे आभार.

आजी आधी विचारत होती, "दीक्षित डाक्तर येनार का?" जुन्या लोकांना ते नाव अजून आठवतं. पंढरपुरात जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेतून दरवर्षी भारतात यायचे आणि शिबिरांत हजारो फुकट ऑपरेशनं करायचे. अपघाताने अंग लुळं पडलं, स्वरयंत्राला कर्करोग झाला, तरी येत राहिले. 2011 साली ते गेले. त्या माणसापुढे हात जोडावेत तेवढे थोडे. पण शिबिर उठलं की गाव आणि टाके मागे उरतात. ऑपरेशन करणारा डॉक्टर बारा महिने हाकेच्या अंतरावर असणं मला जास्त मोलाचं वाटतं. तुमचे पैसे इथल्याच डॉक्टरांच्या हाताला बळ देतात, ते मला फार आवडलं. छकुलीचा एक टाका सैल पडला तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जाऊन दाखवता आलं.

टाळूचं ऑपरेशन वर्षाच्या आसपास, पावसाळ्यात झालं. तेव्हा सगळे घरीच असतात. पण टाळू शिवली म्हणून बोलणं लगेच सुधारत नाही. वारा नाकातून निसटायचा, 'प'चा 'म' व्हायचा. ती बापाला "मम्मा" म्हणायची आणि टोळीतली पोरं बापाला चिडवायची. वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमनी आईला शिकवलं, ओठापुढे कापूस धरायचा आणि पोरीला 'प' म्हणायला लावायचं, कापूस हलला तर बरोबर. पुढच्या हंगामात छकुली फडावर गेली. तिथे कापूस कुठला? आईने उसाच्या वाळल्या पाचटाचा तुकडा धरला. मॅडम फोनवर व्हिडिओ लावून बघायच्या, तोही रात्री, फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, चार्जिंग असेल तेव्हा. ओठाचं ऑपरेशन सगळ्यांना दिसतं, दात्यालाही दाखवता येतं. या पाचटाचा फोटो कोण काढणार? पण तुमच्या पैशाने सगळ्यात मोठं काम केलं असेल तर ते इथे, असं माझं मत.

आता ती चार वर्षांची आहे. बोलणं किंचित गेंगाणं येतं, पण अंगणवाडीत सगळ्यांना समजतं, आणि भांडताना तर फारच स्पष्ट. "पप्पा" नीट म्हणते. बापाने त्याची रेकॉर्डिंग करून ठेवलीय.

एक काम बाकी आहे. हिरडीत फट आहे, तिथे कमरेच्या हाडातलं थोडं हाड भरतात, साधारण 8 ते 10 वर्षांची झाली की. तेव्हा पैसे तुमचे असतील की आणखी कुणाचे, माहीत नाही. तारीख मात्र पाडव्यानंतरचीच घ्यायची, हे तिच्या बापाने मला आत्ताच बजावून ठेवलंय.

आपली कृतज्ञ,
एक आशा सेविका, जिल्हा बीड