पक्याला पत्र: दाणे न टाकता भरीत

प्रिय पक्या,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. फोन केला असता पण तू मधे मधे "हो रे पण" करत बसतोस, म्हणून सरळ लिहायलाच बसलो. पहिली गोष्ट, यंदा शेतावरच्या भरीत पार्टीला येणार नाही वगैरे जे लिहिलंयस ना ते डोक्यातून काढ. तुझ्या चिमीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी म्हणून खान्देशात पाय ठेवायचा नाही, असं असतं तर तीच अ‍ॅलर्जी असलेला आमचा ओम जळगावात राहून सहावीपर्यंत कसा पोचला असता सांग. वहिनींना पण हे पत्र वाचायला दे, कारण तुझ्यापेक्षा त्यांनाच हे जास्त लागणारे.

आता खरं बोलतो. आपल्याकडे कशाकशात दाणे असतात ते सांगण्यापेक्षा कशात नसतात ते सांगणं सोपंय. ठेचा, भरीत, भरली वांगी, कोशिंबीर, चिवडा, लसणाची चटणी, आणि उपवास असला की मग तर विचारूच नको, साबुदाण्यात कूट, भगरीवर दाण्याची आमटी, तोंडी लावायला दाण्याची चटणी आणि गोड म्हणून चिक्की. ओमची टेस्ट झाली तेव्हा आम्ही हीच यादी करत बसलो होतो आणि तुझी वहिनी म्हणाली, मग मी रोज करायचं काय? तिचा प्रश्न बरोबर होता रे. दाण्याचं कूट म्हणजे काय, तर आपल्या बायकांचं रेडीमेड पॅकेट आहे ते. भाजी पातळ झाली, टाक कूट. पाहुणे वाढले, टाक कूट. तिखट जास्त झालं, कूट आहेच. सकाळी सातला डबा करायचा असतो तेव्हा खोबरं भाजून वाटत कोण बसणार, डब्यात कूट तयार असतं, दोन चमचे टाकले की रस्सा दाट. हॉटेलवाल्याचं पण तेच गणित. शेवभाजीची तर्री नुसत्या कांदा-खोबऱ्यावर दाट करायची तर खर्च आणि वेळ दोन्ही जातं, कुटावर पटकन होतं. त्यामुळे "शेवभाजीत दाणे नसतात हो" असं कोणी छातीठोक सांगितलं तरी मान डोलवायची आणि दही-भाकरी मागवायची, बस.

घरात आम्ही एक केलं, ओमसाठी वेगळी भाजी ही भानगडच ठेवली नाही. सगळ्यांची एकच, बिनदाण्याची. वेगळं वेगळं करायला गेलं की चमचा इकडचा तिकडे जातोच, शिवाय पोरगं ताटावर वेगळं पडतं ते आणखी वाईट. दाटपणाला आता सुकं खोबरं आणि डाळं, म्हणजे फुटाण्याची डाळ. हरभरा ओमला चालतो हे डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. तुम्ही चिमीचं विचारून घ्या, आपल्या देशात हरभऱ्याचीही अ‍ॅलर्जी असणारे लोक आहेत, आणि तिळाचं पण वेगळं विचारा कारण काळ्या मसाल्यात तीळ असतात. चव? पहिल्यांदा मलाच फिकं लागलं, खोटं कशाला बोलू. आता नाही लागत.

आणि एक गोष्ट तुला पटणार नाही पण लिहितोच. माझा विश्वास आता नातेवाइकांच्या हातापेक्षा पॅकेटवर जास्त आहे. लहानपणापासून आपण ऐकत आलो की घरचं ते चांगलं, पाकिटातलं ते कचरा. असेल कचरा, पण त्या कचऱ्यावर लिहिलेलं असतं ना! आपल्याकडे एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचे, लेबलचे २०२० चे नियम आहेत, त्यात आठ गट दिलेत: गहू वगैरे ग्लुटेनवाली धान्यं, कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा आणि बदाम-काजूसारखी टरफलाची फळं, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाच्या वर असलं तर सल्फाइट. घटकांच्या यादीजवळ "कन्टेन्स" म्हणून हे लिहावं लागतं. "मे कन्टेन" म्हणजे मुद्दाम टाकलेलं नाही पण त्याच मशीनवर दुसरं काही होतं, थोडं आलं असू शकतं. आम्ही तेही घेत नाही. मात्र तीळ या आठात नाही, अमेरिकेत २०२३ पासून तीळ नववा झाला, आपल्याकडे अजून यादी आठचीच आहे, म्हणून चिमीला तीळ बाधत असतील तर नुसत्या त्या ओळीवर जाऊ नका, अख्खी घटकांची यादी वाचा. आणि पॅकेट तेच असलं तरी दर वेळी वाचायचं, कंपनी मधेच रेसिपी बदलते.

याच्या उलट आमची आत्या. प्रेमाने करते, नाव ठेवायला जागा नाही, पण विचारलं की "नाही रे, काहीच नाही टाकलं" आणि मग निघताना हळूच, "चिमूटभरच होतं कूट, रंगाला". त्या चिमूटभरानेच पोराचे ओठ सुजतात हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. माझी मायसुद्धा सुरुवातीला अमळनेरला गेलो की म्हणायची, "काहीच नही होस, खाई ले बेटा." तिच्या मते ही शहरातल्या पोरांची नाटकं. तिला समजवायला डॉक्टरांचा पेपर कामाला आला नाही, ओमचं अंग उठलेलं एकदा डोळ्यांनी बघितलं आणि मग तिनेच घरातला कुटाचा डबा शेजारी देऊन टाकला. आता तीच गल्लीत सगळ्यांना दम देते.

सुट्टं फरसाण, सुट्टी शेव, वजनावरचा चिवडा यांना लेबल नसतं, ते आमच्याकडे बंद. हायवेला ते केळीचे वेफर्स समोर तळून देतात, किती भारी लागतात तुला माहितीये, पण त्याच कढईत चिवड्याचे दाणे तळले का, तेल कोणतं, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय ओमला देत नाही. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

तेलाचं नीट ऐक, कारण तू पुण्यात लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल सुरू केलंय असं लिहिलंयस. अ‍ॅलर्जी असते ती दाण्यातल्या प्रोटीनची. पूर्ण रिफाइंड तेलातून ते जवळजवळ सगळं निघून जातं, घाण्याच्या तेलात मात्र राहतं. म्हणजे जे तब्येतीला चांगलं म्हणून जास्त पैसे देऊन आणलंस तेच चिमीसाठी धोक्याचं. सूर्यफुलाचं किंवा करडईचं घे आणि डॉक्टरांना तेल कोणतं ते सांग. उकडलेल्या शेंगा चालतील का असंही विचारलं होतंस. भाजल्याने त्या प्रोटीनचा त्रास वाढतो आणि उकडल्याने थोडा कमी होतो हे खरंय, पण कमी म्हणजे चालतं असं नाही. घरी प्रयोग करायचाच नाही.

बाहेरून मागवायचं म्हणशील तर अ‍ॅपमध्ये तो रकाना असतो ना, सूचना लिहायचा, तिथे "दाणे नको" लिहून काही उपयोग होईल असं समजू नको. आचाऱ्याच्या हातात ती चिठ्ठी जातेच असं नाही, आणि गेली तरी ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात करून ठेवलेली असते, त्यातून दाणे काढणार कसे. आम्ही मागवलंच तर ज्यात ग्रेव्हीच नाही असं मागवतो, इडली वगैरे, आणि चटणी फेकून देतो कारण स्वस्तात खोबऱ्याच्या जागी दाणे जातात. प्रवासाला जुनंच बरं, दुधातल्या दशम्या आणि बिनदाण्याची लसूण चटणी, दोन दिवस टिकतात आणि भुसावळला गाडी बदलायची असली तरी टेन्शन नाही. पण खरं सांगू का, या सगळ्याचा भार तुझ्या वहिनीवरच पडलाय. बाहेरचं बंद झालं म्हणजे घरचं वाढलं, आणि घरचं म्हणजे कोणाच्या हातचं ते आपल्याला माहितीये. आता दशम्या मी लाटतो. नकाशे होतात, पण पोटात जातात. तू पण शीक.

सणांचं तुला वाटतं तितकं अवघड नाही. कानबाईचे रोट गहू आणि हरभऱ्याच्या डाळीचे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे आणि रस, वरण-बट्टी, कळण्याची भाकरी, यात दाणा येतच नाही. गोची संक्रांतीला होते, लाडवात तिळासोबत कूट असतंच आणि शाळेत सगळे एकमेकांच्या तोंडात घालतात. ओमच्या मॅडमना आम्ही आधीच सांगून ठेवतो, तो घरचा डबा नेतो आणि दुसऱ्याचं काही घेत नाही, हे त्याला आता पाठ झालंय. शाळेला तोंडी नाही, लेखी दे.

मधेच आठवलं, माझ्या ऑफिसातल्या एकाच्या बायकोला सीलिएक आहे. ती अ‍ॅलर्जी नाही, वेगळा आजार आहे, गव्हातल्या ग्लुटेनने आतडं खराब होत जातं. तिला वाटलं आपण खान्देशातले, ज्वारीची भाकरी खाऊ, काय फरक पडतो. पण गिरणीत गव्हानंतर ज्वारी टाकली की गव्हाचं पीठ आलंच, आणि हिंगाच्या डबीत मैदा असतो हे तर मलाही माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी घरी छोटी चक्की घेतली. आणि दूध प्यायल्यावर पोट फुगणं हे पुन्हा तिसरंच, त्यात दुधातली साखर पचत नाही एवढंच, जीवाला धोका नसतो. लोक या सगळ्याला अ‍ॅलर्जीच म्हणतात आणि मग खऱ्या अ‍ॅलर्जीकडेही कोणी लक्ष देत नाही.

औषधाचं मात्र चेष्टेत घेऊ नको. खाजेची गोळी अंगावरचे चट्टे कमी करते, बंद होत चाललेला श्वास उघडत नाही. त्याला अ‍ॅड्रेनॅलिनचंच इंजेक्शन लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. परदेशात त्याचं तयार पेन पोरांच्या दप्तरात असतं, आपल्याकडे ते मेडिकलवर सहज मिळत नाही, म्हणून आमच्या डॉक्टरांनी अँप्युल (औषधाची काचेची कुपी), सिरिंज आणि ओमच्या वजनाप्रमाणे डोस लिहिलेला कागद दिलाय आणि कसं द्यायचं ते माझ्याकडून, तुझ्या वहिनीकडून समोर करून घेतलंय. तुमच्या डॉक्टरांकडून चिमीचा तसाच कागद घे, वजन वाढलं की डोस बदलतो. आणि इंजेक्शन देऊन बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, काही तासांनी पुन्हा उसळू शकतं.

तुझ्या धाकट्या बाळाचं विचारलंस, त्याला दाणे द्यायचे की नाही. लंडनला मोठा अभ्यास झाला होता, २०१५ मध्ये आला, ज्यांना धोका जास्त अशा तान्ह्या पोरांना चार ते अकरा महिन्यांच्या दरम्यान दाणे सुरू केले त्यांच्यात पाच वर्षांचे होईपर्यंत ही अ‍ॅलर्जी साधारण ८० टक्क्यांनी कमी निघाली. म्हणजे लांब ठेवणं हेच उलट महागात पडू शकतं. पण तुझ्या घरात चिमी आहे आणि बाळाच्या गालांवर चट्टे येतात म्हणालास, तर आधी डॉक्टर, मग दाणे. आणि अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो.

आता भरीत. थंडी पडली की शेतावर करू. वांगी आपली हिरवी-पांढरी भरताचीच, त्यांना २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय तर रुबाब वाढलाय त्यांचा, पण चिमीला त्यांचा काही त्रास नाही. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भाजायची, सोलायची, इथपर्यंत सगळं सेम. फक्त आमच्या गावच्या बडगीत, म्हणजे भरीत कुटायच्या लाकडी भांड्यात, मी कुटणार नाही, त्या लाकडात वर्षानुवर्षांचे दाणे मुरलेत. नवीन बडगी घेतलीये, ओमसाठीच, तीच वापरू. फोडणीला सूर्यफूल, लसूण, मिरची, कांद्याची पात, खोबऱ्याचे काप, दाणे शून्य. ज्यांना दाणे हवेत त्या आमच्या भावकीसाठी वेगळी चूल लांब पेटेल, वेगळा झारा, आणि पोरांनी तिकडे फिरकायचं नाही. मायला सांगून ठेवलंय, ती पहाऱ्याला बसणार आहे.

तिकीट काढ आणि तारीख कळव, म्हणजे मी वांग्यांचं आणि ट्रॉलीचं बघतो. चिमीचा टेस्टचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅप कर, तिळाचं आणि हरभऱ्याचं काय आलं ते मला आधी कळायला हवं, नाहीतर मसाला वेगळा करावा लागेल आणि त्याला वेळ लागतो. घाण्याच्या तेलाचा डबा येताना घेऊन ये, भावकीच्या चुलीवर संपवून टाकू.

तुझाच,
बाळ्या