तंबोऱ्याची किंमत लिहू का?

मिरज,
रविवार, रात्री

प्रिय अन्या,

अम्मीचा गुडघा कुरकुरतोय, अब्बांची साखर ताब्यात आहे, मी ठणठणीत. तब्येतीचं एवढंच. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू "मुद्द्यावर ये, मुद्द्यावर ये" करतोस आणि या वेळी मला मुद्द्याच्या आजूबाजूचंही सगळं सांगायचंय.

शुक्रवारी आमच्या तंबोऱ्याच्या दुकानात एक पोरगा आला. मी चालवतो त्या आमच्या ब्लॉगसाठी चाचांनीच बोलावला होता. लोकांचे ब्लॉग चालवून देणाऱ्या कुठल्याशा एजन्सीचा. महिन्याला तीस लेख, फोटोसकट, आम्ही फक्त पैसे द्यायचे. नमुन्याचा लेख छापूनच आणला होता. दुसऱ्याच परिच्छेदात वाक्य होतं, "तंबोऱ्याच्या पडद्यांवरून बोटं फिरवताना साधकाला विलक्षण शांती लाभते." पडदे, अन्या! पडदे सतारीला असतात, तंबोऱ्याला नाहीत. सतारमेकर गल्लीत बसून मी तंबोऱ्याचे पडदे वाचले. अब्बा आत घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासत होते, त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी कानस थांबवली, म्हणाले, "सतार बघून आला असेल बिचारा," आणि परत कामाला लागले. मी पोट धरून हसलो. पण गल्लीत उभं राहून ज्याच्याबरोबर हे हसायचं तो बेंगळुरूत जाऊन बसलाय.

नुसतं हसण्यावारी गेलं असतं तर पत्र लिहायला बसलो नसतो. चाचा मनापासून त्या पोराच्या बाजूचे आहेत, आणि चाचा काही अडाणी नव्हेत. हिशेबाची वही त्यांच्याकडे आहे. त्यांचं म्हणणं असं: मी एका लेखासाठी तीन-चार संध्याकाळी घालवतो, तेवढ्यात एका तंबोऱ्याच्या खुंट्या बसवून झाल्या असत्या. दुसरं, मी धंद्यातलं सगळं उघडं करून ठेवतो. तिसरं, सगळ्यांचेच लेख धडाधड येतात, आपला एखादा येतो तोही दीड-दोन महिन्यांनी.

दुसऱ्या मुद्द्यावर आमची खरी जुंपली. जवारीचा, म्हणजे तार घोडीवर गुंजती करण्याचा, लेख तू वाचलायस. "तंबोरा बोलत नाही? आधी दोरा सरकवून बघा." त्यात मी सगळं लिहिलं होतं. तार घोडीवर जिथं टेकते तिथं तिच्याखालचा दोरा केसाएवढा पुढं-मागं करायचा, एका जागी आवाज एकदम उमलतो, तिथं थांबायचं. तार बदलताना जाडी बदलली असेल तर दोराही बदलून बघायचा. खुंटी घसरत असेल तर तिला खडू लावायचा. आणि घोडीवर उजेड तिरका पाडून बघायचं; तारेनं चर पाडला असेल तरच ती कारागिराकडं न्यायची, नाहीतर घरीच भागतं. चाचांचं म्हणणं, "अरे, दोरा सरकवायला चार माणसं दुकानात यायची, ती पण घालवलीस."

गेली असतील, मला मान्य आहे. पण इंदूरच्या त्या बाईंचं तुला सांगायचं राहिलंय. त्यांच्या आजीचा तंबोरा, किती वर्षं खोळीत होता कोण जाणे. लेख वाचून त्यांनी दोरे सरकवले. पंचम आणि जोडीच्या तारा सुरेल बोलायला लागल्या, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, काही केल्या गुंजेना. मग त्यांनी घोडीचा फोटो पाठवला, अगदी लेखात सांगितलाय तसा, तिरक्या उजेडात. खर्जाच्या तारेखाली चर स्पष्ट दिसत होता. अब्बांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "ह्या बाईला कळतं." तंबोरा आमच्याकडं आला, जवारी काढून परत गेला. दिवाळीनंतर त्यांच्या गाण्याच्या क्लासासाठी दोन नवे तंबोरे आमच्याकडूनच गेले, घासाघीस न करता. त्या बाई मिरजेला कधी आलेल्या नाहीत. आमचं काम त्यांनी आधी वाचलं, मग पाहिलं. हे त्या तीस लेखांतून होणार आहे का, सांग मला.

तूच मला तो लंडनचा शिंपी दाखवला होतास. थॉमस महॉन, सॅव्हिल रो या तिथल्या शिंप्यांच्या रस्त्यावर शिकलेला, कम्ब्रियात राहणारा. २००५ साली ह्यू मॅक्लाउड नावाच्या एका ब्लॉगवाल्यानं त्याला ब्लॉग लिहायला लावला आणि हा माणूस सूट कसा बेततात, इतका महाग का पडतो, हातानं काय होतं आणि मशीननं काय, हे सगळं मोकळेपणानं लिहायला लागला. जगभरातून गिऱ्हाईक शोधत आलं. तू म्हणालास, "सल्या, हा तुझाच धंदा आहे, फक्त कापडाच्या जागी भोपळा." आणि स्टेशनजवळच्या त्या सायबर कॅफेत बसून तू ब्लॉगरवर खातं उघडून दिलंस. फुकटात, आणि चहाचे पैसे मात्र माझ्याकडून घेतलेस, ते मी विसरलेलो नाही.

त्याच दिवशी भाषेवरनं आपण भांडलो होतो. तू म्हणत होतास इंग्रजी, मी म्हणत होतो मराठी. आठ दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस, काकूंनी मध्ये पडून पोहे खायला बोलावलं तेव्हा कुठं मिटलं. आज सांगतो, माझंच बरोबर होतं. इंग्रजीत तंबोऱ्यावर लिहिणारे ढीगभर आहेत. "खर्जाची तार सारखी तुटते" हे मराठीत विचारणाऱ्याला उत्तर देणारे फार थोडे. हां, एक तुझं खरं ठरलं: लोक मराठी रोमन लिपीत टाइप करतात. गूगलचं ते सर्च कन्सोल उघडलं की कुठल्या शब्दांनी लोक आपल्यापर्यंत पोचले ते दिसतं, आणि निम्मी यादी रोमनमधलीच असते. म्हणून आता फोटोंच्या नावांत आणि पानाच्या पत्त्यात मी रोमन घालतो, मजकूर मराठीतच. काकूंना सांग, दोघांचंही राहिलं.

त्या यादीनंच माझी झोप उडवलीय. जवारी, खुंटी, बायकांचा तंबोरा कुठल्या पट्टीचा, पावसाळ्यात कसा जपायचा, परदेशी न्यायचा तर खोकं कसलं, हे सगळं तीत आहे, आणि त्यातल्या बहुतेकांवर मी लिहिलंय. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून "मिरजेचा खरा तंबोरा कसा ओळखायचा" हेही विचारतात. पण सगळ्यात वर काय असतं माहितीय? "तंबोरा किंमत." महिनोन् महिने तेच वर. आणि त्याच प्रश्नाला आमच्याकडं पान नाही. गल्लीत कुणाकडंच नाही.

अमेरिकेत मार्कस शेरिडन म्हणून एक आहे, व्हर्जिनियात पोहण्याचे तलाव बांधायचा धंदा. २००८च्या मंदीत कंपनी बुडायला आली. मग त्यानं ठरवलं, गिऱ्हाईक जे जे विचारतं त्याचं खरं उत्तर लिहायचं, आणि सगळ्यात आधी तेच लिहिलं जे त्याच्या धंद्यातला कुणीच लिहीत नव्हता: तलावाला खर्च किती येतो. त्याच पानानं त्याला तारलं. वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. कारण किंमत विचारणारा माणूस फुकटा नसतो. तो घ्यायच्या तयारीत असतो आणि दुकानाची पायरी चढायला घाबरत असतो. आपल्या शाळेतले गायकवाडसर आठव. पगारातून तंबोरा घ्यायचा होता, वर्षभर गल्लीतनं नुसते सायकलवरून जात राहिले. कुणीतरी आधीच आकडा सांगितला असता तर?

लेख लिहून तयार आहे. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, मोठा, गोल आणि जाड सालीचा मिळाला तर भाव कुठं जातो. तूनचं लाकूड किती मुरलेलं आहे. नक्षी साधी की कोरीव. घोडी हाडाची की दुसऱ्या कशाची. जवारीला अब्बा बसणार की मी. प्रत्येकानं किंमत किती हलते ते लिहिलंय, आणि शेवटी आमच्या दुकानातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग तंबोरा, आकड्यासकट. शिकणाऱ्यानं पहिल्या वर्षी स्वस्तातलाच घ्यावा, किंवा फोनवरच्या तंबोऱ्यावर रियाज करावा, हेही लिहिलंय. ते वाचून चाचा उठून बाहेर गेले.

चाचांचं मी सोसीन. मला अडवलंय अब्बांनी. त्यांनी लेख पूर्ण ऐकला, "चांगला आहे" म्हणाले, मग बराच वेळानं म्हणाले, "पण बेटा, गल्लीत सगळे आपलेच आहेत." तुला कळलं ना? मी आकडा टाकला की तो फक्त आमचा राहत नाही. उद्या गिऱ्हाईक फोन हातात धरून पलीकडच्या दुकानात उभं राहणार, "ह्यांच्याकडं एवढ्यात मिळतो." पलीकडचा मामू भोपळा उधारीवर आणतो, त्याचा आकडा आमच्यासारखा बसूच शकत नाही. फरीदसाहेबांच्या काळापासून, म्हणजे १८५०च्या आसपास इथं पहिली सतार घडली तेव्हापासून, ही गल्ली एकमेकांच्या आधारानं टिकलीय. एकाकडं दांडी कोरायला, दुसऱ्याकडं पॉलिशला, तिसऱ्याकडून उसना भोपळा. माझ्या एका पानानं कुणाच्या चुलीवर पाणी पडणार असेल तर मला ते पान नको.

दुसरीकडं असंही वाटतं, की आकडा लपवून गल्ली वाचत नाहीये. पोरं पुण्याला नोकरीला चाललीत. बाहेरचा माल "मिरज" म्हणून विकला जातोय, आणि घेणाऱ्याला फरक कळत नाही, कारण खरं कशाचे पैसे पडतात ते आपण त्याला कधी सांगितलंच नाही. मी परवा मामूकडं जाऊन बसलो. म्हटलं, तुमच्या दुकानाचाही आकडा घालतो, तुमच्या कोरीव कामाच्या फोटोसकट, तुमच्या फोन नंबरासकट. गल्लीतल्या ज्याला यायचंय त्याचा घालतो. ते काही बोलले नाहीत, चहा मागवला. चहा मागवला म्हणजे नाही म्हणाले नाहीत, हे तुला सांगायला नको.

म्हणजे आता पान आमच्या दुकानाचं राहणार नाही, गल्लीचं होईल. धंद्याच्या दृष्टीनं हे शहाणपणाचं आहे का, हे मला तुझ्याकडून हवंय. तू आकड्यातला माणूस. आमच्याच पानावरून गिऱ्हाईक मामूकडं गेलं तर चाचांना मी काय सांगू? मला वाटतं, येणारे वाढतील आणि सगळ्यांना पुरतील. पण वाटणं वेगळं आणि चाचांच्या वहीत दिसणं वेगळं.

एजन्सीचं मात्र ठरलं, नाही म्हणून. त्यातही चाचांना पटलं ते माझ्या भाषणामुळं नव्हे. गूगलनं मार्च २०२४ मध्येच नियम केलाय, की फक्त शोधात वर यावं म्हणून घाऊक पानं ओतली तर ती खाली ढकलू किंवा काढून टाकू. ते दाखवलं. आणि करारातली ती ओळ दाखवली, डोमेन, म्हणजे ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ता, एजन्सीच्या नावावर करून द्यायचं म्हणून. उद्या त्यांच्याशी बिनसलं तर आपलंच नाव आपल्याला परत विकत घ्यावं लागेल. हे चाचांना चटकन कळलं, दुकानाच्या गाळ्याचा किस्सा ते विसरलेले नाहीत. आता तीन महिने दर लेखामागं किती फोन आले ते मी वहीत लिहायचं, आणि मग बोलायचं, असं ठरलंय. तेवढं रास्त आहे.

तुझं काय? घर बदललंस म्हणे, सामान लागलं का? चिमणीची दहावी कशी गेली, आणि ती अजून गाते की तूही तिला आकड्यांना जुंपलंस? वहिनींच्या नव्या नोकरीचं काकूंकडून कळलं, त्यांचं अभिनंदन कर. उरुसात येतोस का? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीचं गाणं दर्ग्यात रात्रभर असतं, चिंचेखाली जागा धरतो. आणि या खेपेला मागं बसून घोरू नकोस, गेल्या वेळी मैफलीतल्या बुवांनी तुला ठेका समजून मान डोलावली होती.

लेखाची प्रत सोबत पाठवतोय. आकड्यांच्या ओळी पेन्सिलीनं खुणा करून परत पाठव, कुठं अवघड वाटलं ते लिही. मामूला मी गुरुवारी पुन्हा भेटणार आहे, त्याआधी मिळालं तर बरं.

तुझा,
सल्या