आपट्याची साल नखानं खरवडून बघणाऱ्या दादांना, आणि तुम्हा सगळ्यांनाच

तुमच्यातल्या एकाचंही आडनाव मला माहीत नाही. आई फोनवर सांगते ती नावं म्हणजे रिक्षावाले दादा, शाळेच्या मॅडम, तो चष्म्याचा पोरगा आणि स्कूटीवर पायाशी पाण्याचा कॅन ठेवून येणाऱ्या त्या दोघी बहिणी. म्हणून हे पत्र सगळ्यांनाच लिहितेय. लातूरला आमच्या कॉलनीच्या मागच्या त्या पाऊण एकरात गेली अडीच वर्षं दर रविवारी सकाळी जे कोणी येतात त्या सगळ्यांना. दसरा झाल्यापासून लिहायचं म्हणतेय पण लिहायला बसलं की घशाशी येतं, आज मात्र पूर्ण करूनच उठणार आहे.

माझे बाबा 2021 च्या एप्रिलमध्ये गेले. दुसरी लाट होती, शेवटचं नीट बघायलाही मिळालं नाही, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तेच झालं असेल. बाबांना आपट्याचं फार होतं. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानं विकतात, दिसायला सारखीच दुहेरी पण आकारानं मोठी, ती बाबांना अजिबात चालायची नाहीत. ते आदल्या दिवशी गावाकडं जाऊन खऱ्या आपट्याच्या दोन-चार डहाळ्या घेऊन यायचे, तेवढीच, झाड ओरबाडायचं नाही म्हणायचे. ते गेल्यावर पहिला दसरा आला तेव्हा आमच्या घरात सोनं आलंच नाही. आई काही बोलली नाही. तशी ती तेव्हा कशावरच काही बोलत नव्हती.

मग 2022 च्या जुलैमध्ये आमच्या मागच्या मोकळ्या जागेत वृक्षारोपणाचा कार्यक्रम झाला. मांडव, माईक, बॅनर, सगळं होतं. आईनं स्वतः जाऊन आपट्याचं रोप मागून घेतलं आणि बाबांच्या नावानं लावलं. मी पुण्याहून आले होते, मी बघितलंय तिथं काय चाललं होतं ते. खड्डे जेमतेम वीतभर, काही रोपं तर काळ्या पिशवीसकट मातीत, कारण पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. कन्हैयालाल मुन्शींनी 1950 साली वनमहोत्सव सुरू केला तो पावसाळ्याच्या तोंडावर, रोपं रुजावीत म्हणून, आणि आपण त्याचं काय करून ठेवलंय, तर जुलैत फोटो आणि मार्चमध्ये काड्या. टँकर दोनदा आला असेल, दिवाळीनंतर तर फिरकलाच नाही. आई कळशीनं पाणी घालत होती पण मधे तिचा गुडघा धरला आणि दीड महिना तिला जिना उतरता आला नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये ती परत गेली तेव्हा रोपाची काडी झालेली. ती विचारायला तीन वेळा गेली, ज्यांनी कार्यक्रम केला होता त्यांच्याकडे. तिसऱ्या वेळी तिला सांगितलं, "काकू, एका रोपाचं काय एवढं, पावसाळ्यात दुसरं देऊ."

हे वाक्य मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. त्यांना वाटलं असेल बाई रोप मागायला आलीय.

आणि मग मे महिन्यात तुम्ही आलात. कुणी बोलावलं नव्हतं, कुणाचं पत्र नव्हतं. आई सांगते, पहिल्या रविवारी तुम्ही सहा-सात जण होतात आणि नुसतं फिरत होतात, एकेका काडीपाशी बसत होतात. आई गॅलरीतून बघत होती, तिला वाटलं आता सगळं उपटून नवीन लावणार, म्हणून ती तशीच गुडघा धरत खाली आली आणि म्हणाली तेवढं ते एक राहू द्या, वाळलेलं आहे पण राहू द्या.

तेव्हा रिक्षावाल्या दादांनी जे केलं त्यासाठी हे सगळं पत्र आहे. ते त्या काडीपाशी उकिडवे बसले, अंगठ्याच्या नखानं वरच्या टोकाला थोडीशी साल खरवडली, आत तपकिरी, सुकलेलं. मग चार बोटं खाली खरवडली, तिथंही तसंच. मग एकदम बुंध्याजवळ, जमिनीच्या वर इतकुसं. आणि तिथं हिरवं निघालं. तांदळाच्या दाण्याएवढी हिरवी रेघ. दादा बोलले काहीच नाहीत, त्यांनी आईचा हात धरून तिचं बोट त्या हिरव्यावर ठेवलं आणि म्हणाले, "बघा काकू, ओलं लागतंय का." आई म्हणाली लागतंय. मग म्हणाले, "आपटा उन्हाळ्यात पानं टाकतोच. वरचं गेलंय, खालचं आहे. थांबू आपण." आणि जिथं खरवडलं होतं तिथं बाटलीतलं थोडं पाणी मातीत कालवून तो चिखल लावला, जखमेला लावतात तसा.

थांबू आपण. "तुम्ही थांबा" नाही म्हणाले, थांबू आपण.

त्या रात्री आईनं मला फोन केला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतःहून केलेला फोन. अर्धा तास बोलली, सगळं झाडाबद्दलच, नखाचं, हिरव्या रेघेचं, पुन्हा नखाचं. मी ऑफिसच्या जिन्यात बसून ऐकत होते, लोक येत-जात होते आणि मी रडत होते. जूनच्या शेवटी पाऊस पडून गेल्यावर पुन्हा फोन, आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ, "फुटलालंय गं! खालून फुटलालंय!"

तुम्हाला कदाचित हे एवढंसं वाटेल कारण तुम्ही अशी शंभर रोपं तपासली असतील त्या महिन्यात. आमच्या घरात त्या दिवसापासून परत स्वयंपाकाला फोडणी बसायला लागली असं म्हणते मी.

त्या वर्षीचा पाऊस तर तुम्हाला माहितीच आहे. 2023 चा ऑगस्ट, 1901 पासूनच्या नोंदींमधला देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. भर पावसाळ्यात काळ्या मातीला भेगा, हात जाईल एवढ्या. कुणीही म्हणालं असतं की जाऊ द्या या वर्षी. तुम्ही घराघरातून आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी गोळा केलंत, तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमधून, सलाईनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन रोपांना टांगल्यात, बुंध्याशी सोयाबीनचं भुसकट पसरलंत म्हणजे ओल उडू नये. शेळ्यावाल्या मामांशी भांडण न करता त्यांना म्हणालात की गवत तुम्हीच कापून न्या, आता तेच मामा बाकीच्यांच्या शेळ्या हाकलतात आणि गवत कापलं जातं म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये आगीचीही भीती नाही. हे सगळं मला आईकडून कळतं, रविवारचा रिपोर्ट असतो आमचा. कडुनिंब, करंज, बहावा, पळस, उंबर, कोणतं किती वाढलं ते तिला पाठ आहे.

लातूरच्या माणसाला पाण्याची किंमत सांगायला लागत नाही. 2016 ला मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांजवळ कलम 144 लावायची वेळ आली आणि 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या फेरीत 10 वाघिणी, पाच लाख लिटर. बाबा रात्री दोन वाजता घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहायचे. पण त्यांनी त्या उन्हाळ्याची आठवण काढली की ती रांगेची नसायची, मिरजेची असायची. पुढं कुणी मिरजेकडचा माणूस भेटला, अगदी एसटीत शेजारी बसलेला जरी असला, तरी बाबा त्याला स्टँडवर चहा पाजायचे. तुमचं पाणी प्यायलोय म्हणायचे. त्या माणसाला कळायचंही नाही हे काय चाललंय. मला तेव्हा संकोच वाटायचा. आता तुम्हाला लिहिताना कळतंय बाबा काय करत होते. चांगुलपणा ज्यानं केला तोच सापडेल असं नसतं, मग जो समोर येईल त्याला तरी सांगायचं. स्वतःच्या घरचं पाणी मोजून वापरणारी माणसं दुसऱ्याच्या झाडाला कॅन घेऊन जातात, कुणाच्या काकूच्या मेलेल्या वाटणाऱ्या काडीपाशी ऊन डोक्यावर घेऊन बसतात, अशी माणसं आपल्या गावात आहेत हे मला लांब राहून फार धीर देणारं आहे, आई तिथं एकटी असते म्हणून तर जास्तच.

आणि यंदा, 2025 ला, उलटंच. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात असा पाऊस झाला की शेतंच्या शेतं खरवडून गेली. आपल्या तुकड्यातही पाणी तुंबलं, काळी माती, निचरा होईना. आईनं गॅलरीतून व्हिडिओ पाठवला होता, तुम्ही गुडघाभर चिखलात फावड्यानं चर काढताय आणि तो चष्म्याचा पोरगा चष्मा खिशात ठेवून आंधळ्यासारखा चाचपत खोदतोय. ज्या झाडांना दोन उन्हाळे कॅननं पाणी पाजलं त्यांच्याच मुळाशी साठलेलं पाणी तुम्ही बाहेर काढत होतात. त्या चार-पाच दिवसांत आईला घास गेला नाही. एकूण अकरा रोपं गेली म्हणाली, आपटा राहिला.

2 ऑक्टोबरला दसरा होता, मी आले होते. पहिल्यांदा नीट जवळून बघितलं. बुंध्याशी जुनी वाळलेली काडी अजून तशीच आहे, तुम्ही ती कापली नाहीत, आणि तिच्या शेजारून निघालेला फुटवा आता आईच्या डोक्याच्या वर गेलाय. बाबा डहाळ्या आणायचे तशीच पानं, लहान, जाडसर, मधे दुमडलेली. गेटवर मॅडमनी पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं, सोनं झाडावरच राहू द्या. आईनं एकही पान तोडलं नाही. खाली पडलेलं एक मिळालं, कडेनं किडीनं खाल्लेलं, तेच पदराला पुसून घरी नेलं आणि बाबांच्या फोटोपुढं ठेवलं. चार वर्षांनी आमच्या घरात सोनं आलं.

दादा, तुम्ही त्या दिवशी भेटला नाहीत, रिक्षा घेऊन गेला होतात म्हणे, दसऱ्याचं भाडं होतं. म्हणून भेटून सांगायचं ते राहून गेलं. येत्या रविवारी मी येतेय. आई धपाटे करणार आहे, किती जण असता ते तिला बरोबर माहिती आहे त्यामुळे कमी पडणार नाहीत. दही कुणी आणू नका, तिनं शनिवारी रात्री विरजण लावायचं ठरवलंय.