वीरमंत्रींचे दुसरे मत

महोदय,

आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे माजी उपाध्यक्ष, श्रीलंकेचे न्या. ख्रिस्तोफर वीरमंत्री यांच्या कारकिर्दीवरील आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. अण्वस्त्रांचा वापर कोणत्याही परिस्थितीत बेकायदाच, हे त्यांचे १९९६चे भिन्नमत त्यात सविस्तर आले, ते योग्यच. पण हंगेरी व स्लोव्हाकिया यांच्यातील डॅन्यूबवरील धरणाच्या वादात १९९७ साली त्यांनी लिहिलेल्या स्वतंत्र मताचा साधा उल्लेखही नसावा, हे खटकले. शाश्वत विकास ही कालपरवाची कल्पना नव्हे, हे सांगताना त्यांनी श्रीलंकेतील प्राचीन सिंचनव्यवस्थेचा, अगदी वन्य जनावरांसाठी रानात बांधलेल्या तळ्यांचाही, दाखला दिला. मुख्य निकालपत्रात या तत्त्वाचा उल्लेख ओझरताच आहे. त्याला इतिहासाचा आधार दिला तो वीरमंत्रींनी.

– एक वाचक, सातारा