प्रिंटरच्या खोक्यावर त्याची भाषा छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी जुन्या कॉम्प्युटरांवर एक लेख आला होता, त्यात लेखकाने सहज लिहून टाकलंय की जुन्या युनिक्स मशीनला (म्हणजे विंडोजऐवजी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या) साधा इंकजेट, म्हणजे शाई उडवून छापणारा प्रिंटर, सुद्धा जोडता येत नाही तेव्हा अशी मशीनं सरळ भंगारात काढावीत. बाकी लेख चांगला होता पण हे वाक्य वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं अशीच मशीनं सांभाळतोय आणि त्यांच्यावरून इंकजेट छापतात, रोज छापतात. जिथे अडतं तिथे बहुतेक वेळा घोडं प्रिंटरपाशी अडलेलं असतं, आणि ते विकत घेण्याआधी कळावं अशी सोय कंपन्यांनी ठेवलेली नाही. माझी तक्रार ही आहे, पण ती पटवायची तर हे काम चालतं कसं ते आधी थोडं सांगावं लागेल.

युनिक्सच्या लेखी प्रिंटर म्हणजे एक डिव्हाइस फाइल, तिच्यात जे लिहाल ते थेट प्रिंटरकडे जातं. पॅरलल पोर्टवरचा असेल तर लिनक्सवर एलपी-झीरो, फ्रीबीएसडीवर एलपीटी-झीरो (ही दोन्ही युनिक्सचीच भावंडं), आणखी कुठे आणखी काही नाव. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होऊन एखादी छोटी टेक्स्ट फाइल कॅट या हुकुमाने त्या डिव्हाइसवर ढकलायची, झालं. ड्रायव्हर नाही, सीडी नाही, रीस्टार्ट नाही. आता होतं काय की एवढं करूनही कागद बाहेर येतच नाही आणि लोक इथेच हात टेकतात. अहो प्रिंटर पान भरायची वाट बघत बसलेला असतो, त्याला फॉर्म फीड, म्हणजे कंट्रोल-एल हे एक कॅरेक्टर पाठवलं की पान सुटतं. त्या पानावर पहिली ओळ नीट असते, दुसरी ओळ पहिली जिथे संपली तिथून सुरू होते, तिसरी त्याच्याही पुढून, आणि थोड्याच ओळींत मजकूर उजव्या कडेबाहेर गायब. जिना उतरत गेल्यासारखं दिसतं. हे बघून नवखा माणूस घाबरतो, मला मात्र बरं वाटतं, कारण केबल, पोर्ट, शाई सगळं ठीक आहे हे त्या एका कागदावर कळतं. राहतो तो फक्त ओळीच्या शेवटाचा घोळ. युनिक्स ओळ संपली की नुसता लाइन फीड (एक ओळ खाली जा) पाठवतो आणि प्रिंटरला त्याच्याबरोबर कॅरेज रिटर्न पण हवा असतो, त्याशिवाय हेड डावीकडे येत नाही. एचपीच्या डेस्कजेटला तर सुरुवातीलाच एस्केप, अँपरसँड, छोटा के, दोन, मोठा जी अशी पाच कॅरेक्टर पाठवली की पुढचं सगळं तो स्वतःच सांभाळून घेतो.

पण टेक्स्ट छापलं म्हणजे काम झालं असं नाही, खरा त्रास पुढे आहे. युनिक्सवरचे बहुतेक प्रोग्राम छापायचं म्हटलं की पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा बाहेर टाकतात, ती अडोबीने १९८४ मध्ये आणलेली, आणि घरगुती इंकजेटला पोस्टस्क्रिप्ट समजत नाही. डेस्कजेटला पीसीएल ही एचपीची भाषा कळते, एप्सनच्या स्टायलसला ईएससी-पी-टू ही एप्सनची. कच्चं पोस्टस्क्रिप्ट पाठवलंत तर प्रिंटर ते साधा मजकूर समजून पानांमागून पानं कोड छापत सुटतो, वर सगळ्यात आधी पर्सेंट आणि उद्गारचिन्ह. मधे दुभाषा हवा. तो म्हणजे घोस्टस्क्रिप्ट, एल. पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये पहिल्यांदा बाहेर काढलेला प्रोग्राम, आजही चालतो. तो पोस्टस्क्रिप्ट वाचतो, पानाचे ठिपके बनवतो आणि तुमच्या प्रिंटरला कळेल अशा भाषेत देतो. देवनागरी छापायची तर हाच रस्ता धरावा लागतो, कारण प्रिंटरच्या पोटातल्या फाँटांत आपली अक्षरं नसतात, त्यामुळे टेक्स्ट मोडचा तसाही काही उपयोग नाही.

घोस्टस्क्रिप्टला फक्त तीन गोष्टी सांगायच्या. डिव्हाइस कुठलं, ठिपके इंचाला किती, आणि कागद कुठला. कागदावर लोक हमखास फसतात. काहीच सांगितलं नाही तर बऱ्याच ठिकाणी तो अमेरिकन लेटर धरतो, २१६ बाय २७९ मिलिमीटर, आणि तुमच्या ट्रेमध्ये ए-फोर, २१० बाय २९७, मग मजकूर सरकलेला किंवा कापलेला येतो आणि शिव्या प्रिंटर खातो. शिवाय इंकजेटला पानाच्या तळाशी थोडी जागा सोडावीच लागते कारण तिथे कागद रोलरच्या पकडीतून सुटत असतो, तळटीपा गायब होतात त्या यामुळे. डिव्हाइसचं म्हणाल तर घोस्टस्क्रिप्टची मदत मागवली की तुमच्याकडच्या तयार प्रोग्राममध्ये काय काय घातलंय त्याची यादी येते, सीडीजे-५५०, एसटी-कलर, बीजेसी-६०० अशी नावं. यादीत नसेल तर सोर्स, म्हणजे मूळ कोड, घेऊन परत कंपाइल करायचा, जुन्या मशीनवर चहा पिऊन या.

आता वेळेचा हिशोब, कारण "जुनं मशीन स्लो आहे" ही तक्रार नेहमीची. ए-फोर पान ३०० ठिपक्यांनी काढलं तर साधारण २४८० बाय ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. काळं-पांढरं असेल तर एका ठिपक्याला एक बिट, म्हणजे १ एमबीच्या थोडं वर. रंगीत, २४ बिटांचं, म्हणजे २६ एमबी. ६०० ठिपके केलेत की हे सगळं चौपट. ज्या मशीनमध्ये मेमरीच ३२ एमबी आहे तिथे घोस्टस्क्रिप्ट बिचारा पान पट्ट्यापट्ट्यांनी करतो, वेळ लागतो पण होतं. आणि पॅरलल पोर्ट नसून सिरियल असेल, ९६०० बॉडचा, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, तर सेकंदाला ९६० बाइट जातात (सुरुवात-शेवटचे धरून एका बाइटला १० बिट लागतात), ते १ एमबीचं पान कॉम्प्रेस न करता पाठवलं तर १९ मिनिटांच्या आसपास. म्हणून सिरियलवर मी फक्त टेक्स्ट छापतो, चित्रांचा नाद करत नाही.

स्पूलिंगबद्दल, म्हणजे छापायचे जॉब रांगेत लावण्याबद्दल, दोनच शब्द, नाहीतर पत्र संपायचं नाही. युनिक्सच्या बीएसडी घराण्यात एलपीआर (जॉब पाठवणारा हुकूम) आणि एलपीडी (मागे चालत राहून रांग छापणारा प्रोग्राम), त्यांची सगळी सेटिंग ईटीसी मधल्या प्रिंटकॅप फाइलमध्ये. ही फाइल भयंकर नाजूक, ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश आणि त्याच्यामागे चुकून एक स्पेस राहिली की पुढची सगळी ओळ गेली, आणि स्पेस डोळ्याला दिसत नाही त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत बसतो. एम-एक्स शून्य लिहायला विसरू नका, नाहीतर मोठी फाइल मधेच कापली जाते, एस-एच लिहिलं की प्रत्येक जॉबच्या आधी नावाचं पान वाया जात नाही. सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या दुसऱ्या घराण्यात एलपी आणि एलपी-अ‍ॅडमिन हे हुकूम, तिथे प्रिंटर बनवल्यावर अ‍ॅक्सेप्ट आणि इनेबल असे दोन्ही हुकूम द्यावे लागतात, पहिल्याने रांग उघडते, दुसऱ्याने छपाई चालू होते, आणि एकच दिला तर जॉब रांगेत पडून राहतात नाहीतर आतच घेतले जात नाहीत.

खरी मेख फिल्टरमध्ये, म्हणजे प्रिंटरकडे जाणारा डेटा मधे बदलणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, आहे आणि तिच्यावर मला जरा जास्तच बोलायचंय. जिना घालवायला लाइन फीडच्या जागी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड टाकणारा फिल्टर लोक लावतात, टेक्स्ट झकास येतं, खुश होतात, आणि मग चित्र पाठवलं की प्रिंटर वेड्यासारखा वागायला लागतो, अर्धं पान बरं, मधेच सरकलेलं, मग चित्रविचित्र चिन्हं. कारण उघड आहे. लाइन फीडचा कोड दहा, कॅरेज रिटर्नचा तेरा, आणि चित्राच्या डेटामध्ये दहा हा आकडा ठिपक्यांचा भाग म्हणूनही येतो, त्या बिचाऱ्याचा ओळीशी काही संबंध नसतो, पण फिल्टर त्याच्याआधी एक तेरा घुसवतो आणि तिथून पुढे सगळी मोजणी चुकते. सिरियल लाइनवर तर फिल्टर न लावताही हेच होतं कारण टर्मिनलचा ड्रायव्हरच मधे हात घालत असतो, त्याचं आउटपुट प्रोसेसिंग बंद करावं लागतं. म्हणजे टेक्स्टला जे औषध तेच चित्राला विष, त्यामुळे फिल्टरने फाइलची पहिली दोन कॅरेक्टर बघितलीच पाहिजेत, पर्सेंट आणि उद्गारचिन्ह असेल तर घोस्टस्क्रिप्टकडे, साधा मजकूर असेल तर कॅरेज रिटर्न घालून पुढे, बाकी काही असेल तर हात न लावता. अ‍ॅप्सफिल्टर, मॅजिकफिल्टर हे याच कामाचे तयार प्रोग्राम, पण दहा-पंधरा ओळींची शेल स्क्रिप्ट पण पुरते. फक्त घोस्टस्क्रिप्टचा पूर्ण पाथ, म्हणजे तो डिस्कवर कुठे आहे तो पत्ता, लिहा, एलपीडी तुमच्या नावाने फिल्टर चालवत नाही आणि तुमचा पाथ त्याला माहीत नसतो. हाताने चालवली की चालते, एलपीआरने पाठवली की चालत नाही, अशी स्क्रिप्ट बघितली की मी आधी तेच तपासतो.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की एवढा खटाटोप कशाला. कबूल, खटाटोप आहे. पण एकदा बसवला की वर्षानुवर्षं चालतो, कुठलं अपडेट येऊन मोडत नाही. आणि जे मशीन आपलं काम चोख करतंय ते केवळ प्रिंटरसाठी फेकायचं हे मला पटत नाही.

आता तक्रारीकडे येतो. वर सांगितलं ते सगळं एका अटीवर चालतं, की प्रिंटरला काहीतरी जाहीर, कागदोपत्री असलेली भाषा येत असली पाहिजे. नव्वदच्या दशकात कंपन्यांनी प्रिंटरमधली अक्कल काढून कॉम्प्युटरवर टाकायला सुरुवात केली. एचपीचे डेस्कजेट ७२०सी, ८२०सी आणि १०००सी ही त्याची प्रसिद्ध उदाहरणं, त्यांना नेहमीचं पीसीएल येत नव्हतं, पीपीए नावाची वेगळीच पद्धत होती आणि ड्रायव्हर विंडोजपुरता. पुढे लोकांनी विंडोजचा ड्रायव्हर काय पाठवतो ते तपासून ती पद्धत उलगडली आणि पीएनएम-टू-पीपीए हा प्रोग्राम लिहिला, म्हणून ते प्रिंटर युनिक्सवर चालले. किती लोकांची रात्र-रात्र गेली असेल त्यात, जे कंपनीने भाषेचा एक तक्ता दिला असता तर वाचलं असतं. सगळ्याच मॉडेलांना असे धावून येणारे लोक मिळत नाहीत.

मीही एका कंपनीचा असाच एक प्रिंटर घेतला गेल्याचा साक्षीदार आहे, खरेदी वरून झाली होती, जोडायला माझ्याकडे आला. हेल्पलाइनला फोन केला, विचारलं की याला पीसीएल येतं का, ईएससी-पी येतं का, नक्की काय येतं. पलीकडच्या मुलाने विचारलं, सर विंडोज कितवं आहे? म्हटलं विंडोज नाही, युनिक्स आहे. तर म्हणाला, सर ते दहाच्या आधीचं का नंतरचं? त्या मुलाचा काय दोष, त्याच्या समोरच्या स्क्रीनवर ती माहितीच नव्हती. माहितीपत्रकात पण नव्हती. खोक्यावर मिनिटाला पाने किती, ठिपके किती, शाई किती वेळ पुरते, सगळं होतं, भाषेचा पत्ता नाही.

आणि गंमत बघा, ही माहिती प्रिंटरच्या आत असते. आयईईई १२८४ हे पॅरलल पोर्टचं स्टँडर्ड १९९४ चं, त्यात प्रत्येक प्रिंटरने विचारल्यावर आपली ओळख सांगायची असते, कंपनी, मॉडेल, आणि सीएमडी या नावाखाली आपल्याला येणाऱ्या भाषांची यादी. यूएसबी प्रिंटरनेही तीच पद्धत उचलली. म्हणजे कंपनीने ती ओळ लिहिलेली आहे, प्रिंटरमध्ये भरलेली आहे, फक्त पैसे मोजणाऱ्याला ती खोकं फोडून, केबल लावून, मग विचारावी लागते. तीच ओळ खोक्यावर छापायला किती शाई लागेल?

नेटवर्कवाल्या नव्या प्रिंटरांचं बरं चाललंय हे मान्य करायला हवं. आयपीपी ही नेटवर्कवरून छापायची नवी पद्धत, तिचा आयपीपी एव्हरीव्हेअर असा शिक्का प्रिंटरवर असेल तर तो ठरलेले उघड फॉरमॅट घेतो. जुन्या युनिक्सला आयपीपी कळत नाही, पण मधे एक छोटं लिनक्स मशीन ठेवून त्यावर कप्स हा छपाईचा प्रोग्राम चालवला, की त्याचा कप्स-एलपीडी हा भाग जुन्या मशीनकडून ५१५ नंबरच्या पोर्टवर जॉब घेतो आणि पुढे ६३१ वरून प्रिंटरला देतो. जुन्या मशीनच्या प्रिंटकॅपमध्ये फक्त आर-एम (पलीकडच्या मशीनचं नाव) आणि आर-पी (तिथल्या प्रिंटरचं नाव) भरायचं, त्याला वाटतं पलीकडे आपल्यासारखाच कोणीतरी एलपीडी आहे. एवढंच करा की हे पोर्ट बाहेरच्या नेटवर्कला उघडं ठेवू नका, १९९० च्या आरएफसी ११७९ या इंटरनेटच्या नियमपत्रकातल्या या प्रोटोकॉलमध्ये पासवर्ड वगैरे भानगड नाही, कोणीही येऊन छापून जाईल. प्रश्न उरतो तो नुसत्या यूएसबीवाल्या स्वस्त मॉडेलांचा, आणि नेमकी तीच खोकी मुकी असतात.

तेव्हा लेखकाला विनंती की भंगारात काढायचा सल्ला देण्याआधी प्रिंटरला तुला कुठली भाषा येते हा एक प्रश्न विचारून बघा. आणि तुम्हाला विनंती अशी की तुमच्या पुरवणीत प्रिंटरांची तुलना येते त्या तक्त्यात वेग आणि ठिपके यांच्या शेजारी भाषेचा एक रकाना टाका. ज्या कंपनीने माहिती दिली नाही तिच्यापुढे "सांगितले नाही" असं स्वच्छ छापा. दोन-चार वेळा तसं छापून आलं की कंपन्या आपणहून कळवायला लागतील.

आपला,
एक जुना वाचक

ता.क. जुन्या मशीनवर क्वचितच छापत असाल तर प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका, त्याच्या स्वतःच्या बटणाने करा. तसं केलं की हेड जागेवर जाऊन झाकलं जातं, नाहीतर शाई वाळते आणि मग युनिक्सचा काही संबंध नसताना माणूस प्रिंटकॅप उघडून बसतो.