उघड्यावरच्या शिल्पांचीही आगोट करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातल्या लहान शहरांमध्येही संग्रहालयाच्या आवारात शिल्पं उभी राहू लागली आहेत, याचा मनापासून आनंद आहे. पण मेमध्ये आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तयारीला, घराची शाकारणी होते, लाकूडफाटा आत जातो, शिल्पांकडे मात्र कुणी बघत नाही. बहुतेकदा त्या कामासाठी पैसेही धरलेले नसतात.

किनाऱ्यावर शिल्पाचा खरा शत्रू मीठ आहे. पाऊस उलट ते धुऊन नेतो. म्हणून आधी खराब होतात त्या पाऊस न पोचणाऱ्या जागा: हनुवटीखाली, काखेत, वस्त्राच्या चुण्यांत, घोड्याच्या पोटाखाली. ऑक्टोबर ते मे या काळात दर महिन्याला एकदा या जागा गोड्या पाण्याने धुवाव्यात. बोअरचं मचूळ पाणी वापरलं, तर पुसलेलं मीठ आपणच परत लावतो.

ब्राँझवरचा काळपट-हिरवा घट्ट थर हा रोग नव्हे, ते त्याचं कवच आहे. चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावून तो चकचकीत करणं ही सगळ्यात मोठी चूक. काळजी करायची ती पोपटी, पिठासारख्या ठिपक्यांची. तिथे क्लोराइड धातूत शिरलेलं असतं. ओलाव्याने त्याचं आम्ल होतं, ते आणखी तांबं खातं आणि हे चक्र आतल्या आत चालूच राहतं. नुसतं घासून ते थांबत नाही, त्याला जाणकार संवर्धकच हवा. एरवी बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रवसाबण, मऊ ब्रश आणि नंतर भरपूर गोडं पाणी पुरे. पूर्ण वाळल्यावर, उन्हाने धातू कोमट झाला की मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा आणि सुती कापडाने घोटावं. हे वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि मेच्या मध्याला. ओल्या धातूवर मेण लावलं तर पाणी आत कोंडतं.

पोकळ शिल्पाला पाणी जायला सगळ्यात खालच्या जागी १०-१२ मिलिमीटरचं भोक लागतं. कुंभारीण माशी ते मातीने बुजवते, म्हणून पावसाआधी त्यातून तार फिरवावी.

बोल्ट कुणाला दिसत नाहीत, पण शिल्प उभं असतं ते त्यांच्यावर. ब्राँझला साधा लोखंडी बोल्ट लावला की खाऱ्या ओलाव्यात लोखंडच आधी झिजतं. जस्ताचा मुलामा थोडे दिवस तग धरतो, इतकंच. ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टीलही इथे डागाळतं. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असलेलं ३१६ प्रतीचं घ्यावं आणि मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत. मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नटबोल्ट गंजल्याचं त्याआधी काही दिवस पत्राने कळवलं गेलं होतं. वाऱ्याचा हिशेबही मांडून ठेवावा. ताशी ११० किलोमीटरला सपाट चौरस मीटरवर सुमारे ५७ किलोचा रेटा येतो आणि वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, म्हणजे बोल्टांची तपासणी मेअखेर आटोपलेली हवी.

जांभ्याच्या शिल्पाला ऑइलपेंट कधीही लावू नये. ओल जोत्यातून चढते, रंगामागे अडते, मीठ तिथे स्फटिक धरतं आणि पापुद्रे सुटतात. शेवाळ मऊ ब्रशने काढावं. पाण्याचा जोराचा फवारा मारला तर दगडच खरवडतो. भेगेतला पिंपळ दोन पानांचा असतानाच उपटावा. सिमेंटच्या शिल्पात खाडीची वाळू नको, आणि सळईवर किमान ४५ मिलिमीटर आवरण हवं. हलकेच ठोकून पोकळ आवाज आला, तर आत सळई फुगू लागली असं समजावं.

यासाठी बाहेरून मोठा फौजफाटा आणायची गरज नाही. सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे; अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यांकडून दर मेमध्ये छायाचित्रांसह नोंदी करून घेता येतील. आणि नवं शिल्प, देणगीतलं असलं तरी, स्वीकारताना शिल्पकाराकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: मिश्रधातूचं प्रमाण, बोल्टांची प्रत, आतल्या सांगाड्याचा आराखडा आणि पाणी जाण्याच्या भोकाची जागा. हा कागद आत्ताच मागावा. सांगाडा एकदा झाकला गेला की तो शोधायला शिल्प कापावं लागतं.

आपला,
एक शिल्पकार-वाचक, रत्नागिरी जिल्हा