रविवारची बैठक : भयकथा वाचणाऱ्या सर्वांसाठी

सर्वांना नमस्कार. येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता रंकाळ्यावर, चौपाटीच्या नेहमीच्या कट्ट्यावर जमायचं आहे. या वेळी ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’. अख्खी कादंबरी डायऱ्या, पत्रं, तारा नि कात्रणांतून उलगडते. ड्रॅक्युलाची स्वतःची डायरी मात्र कुठंच नाही, आणि माझ्या मते खरी भीती तिथंच आहे! ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात पाहुणा म्हणून आलेला हार्कर दाढी करतोय, खांद्यावर हात पडतो, पण आरशात मागे कुणीच नाही. ते पान मोठ्यानं वाचायचं आहे. कोण वाचणार ते शुक्रवारपर्यंत कळवा. शेवट आधीच फोडू नका, काहींचं वाचन अर्ध्यावर आहे. भयकथाकार नारायण धारपांची पुस्तकं कुणाकडे राहिली असतील तर आठवणीनं आणा. पाऊस लागला तर बैठक माझ्या घरी.